पुन्हा पुन्हा पेटणारा दिवा: जुन्या गाडीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या इशाऱ्याचे निदान

पेट्रोल गाडीत पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा लावणाऱ्या कोडांपैकी पी०४२० हा फार चिवट. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखाली गेली, असा इंजिनाच्या संगणकाने म्हणजे ईसीयूने काढलेला निष्कर्ष हा कोड सांगतो. स्कॅनर लावून तो पुसला की दिवा विझतो आणि आठ दिवसांनी, कधी महिन्याने, परत लागतो. दोन-तीनदा असे झाले की गॅरेजातून ‘कॅट-कॉन गेला’ असा निकाल मिळतो. निकाल काही वेळा बरोबरही असतो. पण कन्व्हर्टरला हलणारे, घासणारे भाग नाहीत. ऑइल फिल्टरसारखा ठरावीक किलोमीटरनंतर बदलण्याचा तो भाग नव्हे. बहुतेक वेळा इंजिनातल्या दुसऱ्याच दोषाने त्याचा बळी घेतलेला असतो, किंवा तो धडधाकट असून मोजमाप चुकलेले असते. म्हणून कन्व्हर्टर खराब आहे की नाही याइतकाच तो कशाने खराब झाला याचा शोध मोलाचा आहे. तो न घेता बसवलेला नवा कन्व्हर्टरही जुन्याच वाटेने जातो.

सोलापूरचा या विषयाशी संबंध इतर मध्यम आकाराच्या शहरांपेक्षा जरा जुना आहे. देशात कन्व्हर्टर सक्तीचा झाला तो १ एप्रिल १९९५ पासून, आणि तोही फक्त चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना. शिसे असलेले पेट्रोल कन्व्हर्टरला विषासारखे बाधते, त्यामुळे त्याच शहरांत शिसेविरहित पेट्रोलही त्याच वेळी आले. देशभर शिसे हटायला २००० साल उजाडले. पुढे २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवेतल्या सूक्ष्म धूलिकणांसाठी ज्या शहरांना कृती आराखडे करायला सांगितले, त्यांत हैदराबाद, बंगळूर, चेन्नई, अहमदाबाद यांच्या बरोबरीने सोलापूरचे नाव होते. परिणामी २०१० मध्ये भारत स्टेज चार ही मानके मोजक्या तेरा शहरांत आली तेव्हा त्या यादीतही सोलापूर होते. भोवतालच्या जिल्ह्यांत भारत स्टेज तीनच्याच गाड्या विकल्या जात असताना सोलापुरातल्या नव्या मोटारी चारच्या होत्या. गाडीतल्या गाडीत दोष ओळखणारी ओबीडी यंत्रणा याच मानकांबरोबर आली. तिचा पहिला टप्पा २०१० चा आणि दुसरा एप्रिल २०१३ चा. कन्व्हर्टरवर नजर ठेवण्याचे काम खऱ्या अर्थाने दुसऱ्या टप्प्यात सुरू झाले. त्याआधीच्या अनेक गाड्यांत कन्व्हर्टर आहे, पण त्याच्या मागे पहारा देणारा सेन्सर नाही. तिथे कन्व्हर्टर मेला तरी दिवा लागत नाही, आणि मालक निर्धास्त राहतो. आज पी०४२० घेऊन गॅरेजात येणाऱ्या जुन्या गाड्या त्यामुळे बहुतांशी २०१३ ते २०२० या काळातल्या असतात.

त्या काळातली पेट्रोलची तफावतही ध्यानात घेण्यासारखी आहे. भारत स्टेज चारच्या पेट्रोलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० भाग, तर तीनच्या पेट्रोलमध्ये १५०. शहरात नोंदलेली गाडी जिल्ह्याबाहेरच्या पंपावर भरली की पहिली काही वर्षे तिला तिप्पट गंधक चालणारे पेट्रोल मिळू शकत होते. गंधक कन्व्हर्टरच्या थराला चिकटून त्याची ताकद कमी करते. मात्र लांबच्या, तापलेल्या प्रवासात ते बरेचसे जळून निघते. एप्रिल २०२० पासून देशभर हीच मर्यादा १० भागांवर आली आहे. ‘हायवेवरच्या पंपाने कन्व्हर्टर खाल्ला’ हे स्पष्टीकरण म्हणूनच आज फारसे टिकत नाही. भेसळीची गोष्ट वेगळी.

कन्व्हर्टरच्या स्टीलच्या डब्यात कॉर्डिएराइट या सिरॅमिकची एक वीट असते. तिच्यात आरपार गेलेली बारीक चौकोनी छिद्रे असतात, एका चौरस इंचात साधारण चारशे. छिद्रांच्या भिंतींवर अॅल्युमिनाचा खरबरीत थर आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम या धातूंचे मोजके ग्रॅम. याच थरातले सिरियम ऑक्साइड जादा ऑक्सिजन साठवून ठेवते आणि कमी पडला की सोडते. वीट २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तापली की कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन जळते, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा नायट्रोजन होतो. तिन्ही कामे एकाच वेळी व्हायची तर हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण सतत १४.७ ला १ याच्या अगदी जवळ राहावे लागते. ते राखण्यासाठी कन्व्हर्टरच्या अलीकडे एक ऑक्सिजन सेन्सर असतो. पलीकडचा दुसरा सेन्सर मुख्यतः पाहणीसाठी.

ईसीयू प्रदूषण मोजतच नाही, आणि निदानातले निम्मे घोळ हे विसरल्यामुळे होतात. तो पाहतो फक्त ऑक्सिजन. पुढचा साधा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सारखा वर-खाली होत असतो. वीट निरोगी असेल तर ती हे हेलकावे आपल्या साठ्यात जिरवते आणि मागचा सेन्सर ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर राहतो. साठवणशक्ती गेली की मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करू लागतो. ही नक्कल ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की कोड. काही गाड्यांत पुढे वेगळ्या जातीचा, हवा-इंधन प्रमाण थेट सांगणारा सेन्सर असतो. तिथे दोन्ही सेन्सरांचे आलेख एकमेकांवर ठेवून काही कळत नाही.

शिवाय ही चाचणी रोज होतेच असे नाही. इंजिन पूर्ण तापलेले, वेग काही मिनिटे एकसारखा, टाकीत पुरेसे पेट्रोल अशा अटी जुळल्या तरच ती पुरी होते. साधारणपणे लागोपाठ दोन फेऱ्यांत नापास झाल्यावर दिवा लागतो. तीन फेऱ्यांत पास झाल्यास तो आपोआप विझतो, पण कोड आठवणीत राहतो आणि इंजिन चाळीसेक वेळा थंडाचे गरम झाल्यावर पुसला जातो. याचा सोलापुरातला अर्थ सरळ आहे. नवी पेठ, सात रस्ता, होटगी रोड असे दोन-चार किलोमीटरचे तुकडे चालणारी गाडी ही चाचणी आठवडेच्या आठवडे पुरी करत नाही. दिवा विझलेला राहतो आणि दुरुस्ती लागू पडली असे वाटते. मग एखाद्या रविवारी तुळजापूर किंवा अक्कलकोटला गाडी जाते, अटी जुळतात आणि परतताना दिवा लागतो. दोष मात्र त्या प्रवासाला, त्या दिवशीच्या पेट्रोलला किंवा घाटातल्या चढाला दिला जातो. कोड पुसल्यानंतर दिवा किती दिवसांनी आला हे विचारण्यापेक्षा किती पुऱ्या झालेल्या चाचण्यांनंतर आला हे विचारावे. स्कॅनरमध्ये ‘रेडीनेस’ या सदरात कन्व्हर्टरची चाचणी पुरी झाली की नाही हे दिसते. ती पुरी नसेल तर विझलेल्या दिव्याला काही किंमत नाही.

म्हणून पहिला नियम: कोड पुसण्याआधी वाचावा. कोड पडला त्या क्षणाची नोंद, म्हणजे ‘फ्रीझ फ्रेम’, त्याच्याबरोबर साठवलेली असते. तिच्यात इंजिनाचे तापमान, दर मिनिटाचे फेरे, वेग, इंधनाची दुरुस्ती हे सारे असते. कोड पुसला की ही नोंदही जाते. आज फोनला ब्लूटूथने जोडला जाणारा स्वस्त स्कॅनरही हे सगळे दाखवतो. या कामासाठी महागडे यंत्र लागत नाही. पी०४२० च्या जोडीला मिसफायरचा पी०३०० किंवा त्याच्या पुढचे क्रमांक, मिश्रण पातळ असल्याचा पी०१७१, जाड असल्याचा पी०१७२ किंवा सेन्सरच्या हीटरचा कोड असेल, तर आधी तो निस्तरावा. कन्व्हर्टरचा विचार शेवटी.

यानंतर गळती. कन्व्हर्टरच्या अलीकडे किंवा दोन सेन्सरांच्या मध्ये एक्झॉस्टला बारीक भेग असेल तर इंजिनाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी पाइपातला दाब वातावरणापेक्षा खाली जातो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढच्या सेन्सरला हा जादा ऑक्सिजन दिसला तर ईसीयू मिश्रण पातळ समजून पेट्रोल वाढवतो, आणि वाढलेले पेट्रोल विटेत जाऊन जळते. मागच्या सेन्सरला दिसला तर निरोगी वीट नापास ठरते. मॅनिफोल्डची गॅस्केट, सेन्सरचे आटे आणि लवचिक जाळीचा जोड या तीन जागा मुख्य. न रंगवलेल्या स्पीडब्रेकरला खालून घासणाऱ्या गाड्यांत लवचिक जोड आधी फाटतो. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून सायलेन्सरच्या तोंडाशी जाड फडके धरले की गळतीची फुसफुस ऐकू येते. गरम झाल्यावर धातू फुगून भेग मिटते आणि आवाज जातो. जोडाभोवती काजळीचा काळा फराटा दिसला तर पुरावा पुरा. संशय असेल तर सायलेन्सरच्या तोंडातून ब्लोअरची हवा सोडून जोडांवर साबणाचे पाणी मारावे. हे काम तासाभराचे, खर्च नाममात्र, आणि तरी बहुतेक ठिकाणी हेच वगळले जाते.

मागचा सेन्सर बदलणे हा त्याच्या उलट लोकप्रिय, पण बहुतेकदा वाया जाणारा खर्च. सुस्तावलेला सेन्सर हेलकावे कमी दाखवतो; म्हणजे तो खराब कन्व्हर्टरला पाठीशी घालतो, चांगल्याला बदनाम करत नाही. तपासणी सोपी आहे. तापलेल्या इंजिनाला एकदम रेस दिल्यावर मागचा सेन्सर ०.८ व्होल्टच्या वर गेला, आणि रेस सोडल्यावर पेट्रोल बंद होते तेव्हा पटकन ०.२ च्या खाली आला, तर तो ठीक आहे. असा चपळ सेन्सर २५०० फेऱ्यांवर पुढच्याबरोबर नाचत असेल तर त्याचे म्हणणे खरे मानावे. पुढचा सेन्सर मात्र जुन्या गाडीत खरोखर संशयास्पद असतो. तो लाखभर किलोमीटरनंतर मंदावला की मिश्रणाचे हेलकावे मोठे होतात आणि विटेचा साठा पुरा पडत नाही.

इंधनाची दुरुस्ती, म्हणजे ‘फ्युएल ट्रिम’, या सगळ्यात सर्वांत बोलका आकडा आहे. ईसीयूने मूळ हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवले किंवा घटवले ते यात दिसते. अल्प आणि दीर्घ मुदतीच्या दुरुस्तीची बेरीज उणे-अधिक दहा टक्क्यांत असेल तर सहसा चिंता नसते. उणे पंधरा म्हणजे इंजेक्टर गळतो आहे, पेट्रोलचा दाब जास्त आहे किंवा वाफा ओढणारा व्हॉल्व्ह उघडा राहिला आहे असे मानावे. अधिक पंधरा म्हणजे बाहेरची हवा शिरते आहे किंवा पंप अशक्त झाला आहे.

इथे इथेनॉलचा हिशेब धरावा लागतो, आणि साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात त्यावर चर्चा भरपूर, आकडेमोड कमी होते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते. दहा टक्के मिश्रणाला योग्य प्रमाण साधारण १४.१ ला १, वीस टक्क्यांना साडेतेराच्या आसपास. म्हणजे दहा टक्क्यांसाठी बेतलेल्या गाडीत ई२० भरले की बाकी काहीही न बिघडता दुरुस्तीचा आकडा चारेक टक्क्यांनी वर जातो. अधिक पाच किंवा सहा पाहून पंप बदलायला काढू नये. उलट आधीच अधिक आठवर असलेली गाडी ई२० मुळे अधिक बारावर जाऊन मर्यादा ओलांडू शकते. तिथे इथेनॉलने जुना दोष उघडा पाडलेला असतो. इथेनॉल कन्व्हर्टरला विषारी नाही.

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांचे निदान वेगळे करावे लागते. हे किट पेट्रोलच्या इंजेक्टरचा इशारा घेऊन त्याला आपल्या कोष्टकाप्रमाणे गुणते. कोष्टक चुकले की गॅसवर मिश्रण पातळ किंवा जाड होते, ईसीयू त्याप्रमाणे दुरुस्ती शिकतो, आणि गाडी पेट्रोलवर गेली की तीच दुरुस्ती चुकीची ठरते. शिवाय गॅस पेटवायला ठिणगी जोरकस लागते. झिजलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो आणि गॅसवर मिसफायर देतो. तीन-चार दिवस गाडी फक्त पेट्रोलवर चालवून आणि मग फक्त गॅसवर चालवून दोन्हीचे ट्रिम लिहून ठेवले तर दोष इंजिनाचा की किटचा हे कळते. फरक आठ-दहा टक्क्यांचा असेल तर गाडी किट बसवणाऱ्याकडे न्यावी.

कन्व्हर्टर मारणाऱ्या कारणांत मिसफायर पहिला. न पेटलेले पेट्रोल आणि तेवढाच ऑक्सिजन थेट विटेत जातो आणि तिथे जळतो. तापमान हजार अंशांच्या पुढे गेले की थरातले धातूचे कण एकमेकांना चिकटून निकामी होतात, आणखी वाढले तर वीटच वितळते. चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकतो तो याच धोक्याचा इशारा. त्या वेळी रेस न देता गाडी बाजूला घ्यावी. प्लग आणि कॉइल यांवर वाचवलेले पैसे इथे अनेक पटींनी वसूल होतात. अशा तापलेल्या गाडीखाली वाळलेला कडबा किंवा गवत असणेही धोक्याचे. रस्त्यावर पीक पसरण्याच्या दिवसांत मंगळवेढ्याकडच्या ज्वारीच्या भागातून जाताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

दुसरे कारण इंजिन ऑइल. ऑइलमधली झीज रोखणारी द्रव्ये जळाली की त्यांतला फॉस्फरस विटेवर काचेसारखा थर धरतो, आणि तो गंधकासारखा जळून जात नाही. हजार किलोमीटरला अर्धा-एक लिटर ऑइल खाणाऱ्या इंजिनावर नवा कन्व्हर्टर बसवणे म्हणजे पैसे जाळणे. व्हॉल्व्ह सील किंवा रिंगांचे काम आधी. हलक्या ग्रेडच्या आधुनिक ऑइलमध्ये फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा असते. जुन्या इंजिनाला ‘जाड बरे’ म्हणून घातल्या जाणाऱ्या २०डब्ल्यू-५० ला ती लागू होत नाही. तिसरे कारण कूलंट: हेड गॅस्केटमधून झिरपणाऱ्या कूलंटमधली सिलिकेट द्रव्ये विटेची छिद्रे आणि सेन्सर दोन्ही बुजवतात. बाहेर कुठे गळती नसताना कूलंट कमी होत असेल आणि काढलेल्या सेन्सरवर पांढुरकी पूड दिसत असेल तर शंका गडद होते. इंजिन उघडून जोडताना हलक्या प्रतीचे सिलिकॉन सीलंट सढळ हाताने थापल्यासही असेच होते.

एवढे सगळे पाहिल्यावर कन्व्हर्टरकडे वळावे. थंड असताना रबरी हातोडीने हलके ठोकल्यावर आत खडखडले तर वीट फुटली आहे; मात्र आधी वरचा हीट शील्डचा पत्रा घट्ट करावा, कारण तोही तसाच वाजतो. गाडी चढावर उचलत नसेल, वरचा वेग गाठत नसेल तर वीट बुजल्याचा संशय. पुढचा सेन्सर काढून त्या जागी दाबमापक लावावा. आयडलला दीड पीएसआयच्या आत आणि २५०० फेऱ्यांवर तीनच्या आत दाब असावा. तापमानाची बंदूक रोखून पुढच्या-मागच्या टोकांतला फरक पाहण्याची चाचणी गॅरेजांत आवडती आहे, पण आजच्या इंजिनात जळण्यासारखे फारसे उरतच नसल्याने चांगल्या कन्व्हर्टरचेही मागचे टोक पुष्कळदा फार गरम नसते. तिच्यावर एकट्याने भिस्त ठेवू नये. त्याहून चांगला पुरावा स्कॅनरच्या ‘मोड ०६’ मध्ये असतो. तिथे ईसीयूने काढलेला प्रत्यक्ष आकडा आणि मर्यादा शेजारी-शेजारी दिसतात. मर्यादेला घासून नापास होणारी वीट गळती किंवा पुढचा सेन्सर दुरुस्त केल्यावर पास होऊ शकते. आकडा कितीतरी पलीकडे असेल तर वीट गेली.

पीयूसी केंद्रातले यंत्रही निदानाला उपयोगी पडते, कारण ते वायू खरोखर मोजते. भारत स्टेज चारच्या पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमची मर्यादा आहे. २५०० फेऱ्यांवर मोनॉक्साइड ०.२ टक्के आणि लॅम्डा, म्हणजे हवा-इंधनाच्या प्रत्यक्ष आणि योग्य प्रमाणांचे गुणोत्तर, ०.९७ ते १.०३. प्रमाणपत्रावरच्या ‘पास’ शिक्क्यापेक्षा हे आकडे वाचावेत. तापलेल्या इंजिनावर मोनॉक्साइड शून्याला टेकलेला आणि हायड्रोकार्बन दोन आकड्यांत असेल तर वीट अजून काम करते आहे. ट्रिम सरळ असूनही लॅम्डा १.०३ च्या वर गेला तर एक्झॉस्टमध्ये हवा शिरते आहे. कोड असूनही पीयूसी मिळणे सहज शक्य आहे, कारण तापलेल्या, उभ्या गाडीची ती परीक्षा सोपी असते.

दिवा घालवण्याचे आडमार्ग बरेच आहेत. मागच्या सेन्सरखाली लांब नळीचा तुकडा घालून त्याला धुरापासून दूर नेणे, वीट फोडून डबा रिकामा करणे, ईसीयूतून चाचणीच बंद करणे. यांपैकी कशानेही दोष जात नाही, फक्त दिसेनासा होतो. रिकामा डबा तर प्रदूषणाच्या मानकांचा उघड भंग आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दंडाला पात्र. धूलिकणांसाठी राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आजही नाव असलेल्या शहरात ही युक्ती सर्रास सुचवली जावी हे खेदाचे. टाकीत ओतायची ‘कन्व्हर्टर क्लीनर’ द्रव्ये साचलेल्या काजळीपुरती थोडी उपयोगी पडतात. वितळलेल्या किंवा फॉस्फरसने माखलेल्या विटेवर त्यांचा काही परिणाम नाही. त्यापेक्षा पुणे रस्त्याने मोहोळपर्यंत तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये एकसारख्या वेगाने जाऊन येणे स्वस्त, आणि त्यात चाचणीही पुरी होते.

कन्व्हर्टर बदलायचाच ठरला तर कंपनीचा की बाजारातला, हा प्रश्न उरतो. स्वस्त भागात मौल्यवान धातू आणि सिरियम दोन्ही कमी असतात. तो प्रदूषण काही काळ रोखतो, पण ईसीयूची मर्यादा मूळ भागाच्या साठवणशक्तीवर बेतलेली असल्याने काही महिन्यांत पी०४२० परत येतो. नव्या कन्व्हर्टरनंतर लवकर परतणाऱ्या दिव्याची दोनच मोठी कारणे आहेत: हलका भाग, किंवा न सापडलेले मूळ कारण. पंधरा वर्षांच्या नोंदणीची मुदत संपत आलेल्या गाडीत मूळ भागाचा खर्च परवडतो का, याचा हिशेब इंजिनाचे कॉम्प्रेशन आणि ऑइलचा खप पाहून करावा. वापरलेल्या गाडीतून काढलेला कन्व्हर्टर घेणे टाळावे. त्यातली वीट शिल्लक आहे का, हेही बाहेरून कळत नाही. शिवाय तो चोरीचाही असू शकतो: रोडियम आणि पॅलेडियमचे भाव भडकले त्या काळात महाराष्ट्रात आणि गुजरातेत व्हॅन गाड्यांचे सायलेन्सर या धातूंसाठी चोरीला जात होते.

हेच भाव गाडीमालकाच्या बाजूनेही बोलतात. काढलेला जुना कन्व्हर्टर निकामी असला तरी त्यातले धातू बव्हंशी तसेच असतात आणि भंगारात त्याला चांगली किंमत येते. तो भाग मालकाचा आहे. काम झाल्यावर तो परत मागून घ्यावा किंवा त्याची किंमत बिलातून वजा करून घ्यावी.